जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा गंज आणि रंगाखाली दडलेली लांबी

सुगी आटोपून हातात चार पैसे आले, की अनेक शेतकऱ्यांच्या मनात जुना ट्रॅक्टर, ट्रॉली अथवा जीपगाडी विकत घेण्याचा विचार येतो. नव्या यंत्राची किंमत प्रत्येकास झेपण्यासारखी नसते व जुने यंत्र पारखून घेतल्यास ते पुष्कळ वर्षे उत्तम काम देते, म्हणून या विचारात गैर असे काही नाही. व्यवहार बहुधा दसरा किंवा पाडव्याच्या सुमारास ठरतो. मुहूर्त टळू नये म्हणून घाई होते आणि या घाईतच फसगत होण्याचा संभव असतो. इंजिन सुरू करून पाहणे, धूर कोणत्या रंगाचा येतो हे पाहणे, टायर दाबून पाहणे, एवढी परीक्षा सर्वच करतात. पत्र्याची व सांगाड्याची परीक्षा मात्र क्वचितच कोणी करतो. तेथे नवा चकचकीत रंग दिसला, की घेणाऱ्याचे समाधान होते. वास्तविक पाहता जुन्या वाहनावरील ताजा रंग हे संतोषाचे नव्हे, तर सावध होण्याचे कारण समजले पाहिजे.

या रंगाखाली पुष्कळदा असते ती लांबी. रंगारी लोक जिला लांबी म्हणतात आणि गॅरेजमध्ये जिला पुट्टी म्हणून ओळखतात, ती ही वस्तू. लाकडाच्या फटी बुजविण्याची लांबी खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची असते. वाहनाच्या पत्र्यावरील लांबी निराळी. ती पॉलिस्टर नावाच्या राळेत शंखजिऱ्याची बारीक भुकटी मिसळून केलेली असते. तिच्यात थोडेसे घट्टक कालविले, की अर्ध्या तासाच्या आत ती दगडासारखी होते व पॉलिश पेपरने घासून तिला हवा तो आकार देता येतो.

ही लांबी येण्यापूर्वी पोचा पडलेला पत्रा कसा सुधारीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने जीपगाड्यांची जुळणी सुरू केली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाल्यावर विकास गटांच्या जीपगाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. त्या काळी कारागीर पत्रा हातोडीने ठोकून शक्य तितका सरळ करी आणि उरलेला खड्डा शिसे व कथील यांचा मिश्र धातू वितळवून भरीत असे. कल्हई करणाऱ्या कारागिराचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कृतीची कल्पना येईल. पत्रा लखलखीत स्वच्छ असल्यावाचून कल्हई धरत नाही, तसेच हे काम. गंजलेल्या पत्र्यावर शिसे चिकटतच नसे. त्यामुळे गंज काढणे कारागिरास भागच पडे. पॉलिस्टरची लांबी मात्र गंजावरही थापता येते आणि निदान काही दिवस तेथे चिकटून राहते. काम सोपे झाले, पण लबाडीही सोपी झाली.

तथापि लांबी ही वस्तूच वाईट, असा समज कोणी करून घेऊ नये. ठोकून सरळ केलेल्या, गंजमुक्त व अस्तर दिलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा लांबीचा थर देणे ही रीतसर दुरुस्ती आहे. दोष आहे तो भोकावर, गंजावर किंवा तुटलेल्या भागावर लांबी भरून तो भाग सुदृढ असल्याचे भासविण्यात. कोठे भोकामागे वर्तमानपत्राचा बोळा, कोठे तारेची जाळी, तर कोठे गोणपाटाचा तुकडा खुपसून त्यावर लांबी ओढलेली आढळते. रंग दिल्यावर यातील काहीच वरून दिसत नाही.

गंज रंगाखाली का वाढतो

गव्हावरील तांबेरा शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तो बुरशीचा रोग असून लोखंडाच्या गंजाशी त्याचा संबंध नाही. परंतु दोहोंत एक साम्य आहे. डोळ्यांना जेव्हा तो स्पष्ट दिसतो, तेव्हा आत त्याचे पुष्कळ काम झालेले असते.

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली, की गंज धरतो. यांपैकी एकास अटकाव केला तरी गंज थांबतो आणि रंगाचे खरे काम हेच आहे. पाण्यात क्षार विरघळलेला असेल, तर गंजण्याची क्रिया फार झपाट्याने होते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे हे सहज घडते. पण समुद्रापासून दूर असलेल्या गावीही क्षारांचा तोटा नसतो, कारण ट्रॉलीतून रासायनिक खते वाहिली जातात. पोटॅश म्हणून वापरले जाणारे खत हे बहुतेक पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे मिठाचेच भावंड. युरिया व अमोनियायुक्त खते हवेतील ओल शोषून घेतात. हौद्याच्या कोपऱ्यात सांडलेली मूठभर खते पावसाळ्याच्या दमट हवेत स्वतःच ओली होतात आणि पत्रा खाऊ लागतात. शेणखताचेही तसेच आहे. उसाच्या ट्रॉलीत गळलेला रस आंबून आम्ल होतो. काळ्या जमिनीत चालणाऱ्या यंत्राच्या मडगार्डखाली चिखलाचा जो जाड लेप बसतो, तो वरून सुकला तरी आतून कित्येक दिवस ओलसर राहतो.

आता गंजावर लांबी भरल्यास काय होते ते पाहू. शंखजिऱ्याच्या भुकटीमुळे ही लांबी पाणी काही प्रमाणात शोषून घेते. रंगास बारीकशी चीर पडली, की त्या वाटेने अथवा पत्र्याच्या मागील उघड्या बाजूने ओल आत शिरते. आत गंज आधीच असतो आणि तो ओल धरून ठेवतो. शिवाय लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. ही वाढणारी जागा लांबीस आतून ढकलते. प्रथम रंगावर तांदळाएवढे फोड येतात, पुढे लांबीच्या कडेने भेग दिसते व शेवटी तळहाताएवढा पोपडा सुटून पडतो. ट्रॅक्टरचा हादरा यास मदत करतो, कारण पत्रा हादऱ्याने लवतो, लांबी लवत नाही. अशा रीतीने एक-दोन पावसाळ्यांत सारे उघडे पडते. पण तोवर व्यवहार पुरा होऊन विकणारा मोकळा झालेला असतो.

घेण्यापूर्वीची पारख

वाहन नेहमी दिवसाउजेडी व कोरडे असताना पाहावे. सायंकाळी किंवा दिव्याच्या उजेडात पाहू नये. नुकतेच धुऊन ओले ठेवलेले वाहनही पाहू नये, कारण पाण्याच्या चकाकीत पत्र्याचे उंचसखलपण लपते. प्रथम पत्र्याच्या रेषेत, एका टोकास डोळा लावून पाहावे. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर उजेडाची रेघ सरळ धावते. लांबी भरलेल्या जागी ती किंचित वाकडी अथवा लाटेसारखी दिसते.

त्यानंतर लोहचुंबकाची परीक्षा करावी. यास खर्च जवळजवळ नाहीच. लहानसे चुंबक पातळ फडक्यात गुंडाळावे, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, आणि ते पत्र्यावरून हळूहळू फिरवावे. उघड्या पत्र्यावर चुंबक सर्वत्र सारख्या जोराने ओढले जाते. जेथे ओढ एकदम मंदावते किंवा चुंबक गळून पडते, तेथे रंगाखाली जाड लांबी आहे असे समजावे. मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. काही ट्रॅक्टरांची बॉनेटे फायबरची अथवा प्लॅस्टिकची असतात व काही वाहनांत अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. तेथे चुंबक मुळीच लागत नाही, त्यात लबाडी नसते. म्हणून एकाच पत्र्याच्या निरनिराळ्या भागांची, किंवा डाव्या मडगार्डची उजव्याशी तुलना करावी. दुसरे असे, की लांबीचा थर अगदी पातळ असल्यास साधे चुंबक तो दाखवीत नाही. पण तेवढा थर क्षम्य होय.

मोठ्या शहरांतील जुन्या वाहनांचे व्यापारी रंगाची जाडी मोजण्याचे हातात मावणारे उपकरण वापरतात. कारखान्यातील मोटारगाडीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. उपकरणाने १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर वा त्याहून अधिक आकडा दाखविला, तर खाली लांबी आहे हे जवळजवळ निश्चित. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी अथवा एखाद्या सहकारी संस्थेने मिळून असे उपकरण घेतले, तर ते वाया जाणार नाही. परंतु त्यावाचून अडतेही नाही. बोटाच्या पेराने पत्रा टकटक वाजविला, की साधा पत्रा खणखणतो व लांबीची जागा बद्द वाजते. कणगी भरलेली की रिकामी हे ज्याला वाजवून कळते, त्याला हेही कळेल.

सर्वांत बोलकी बाजू मात्र मागची. विकणारा पुढची बाजू सजवितो, मागची सहसा तशीच राहते. मडगार्डखाली हात घालून व विजेरी लावून पाहावे. तेथे ठोकल्याच्या खुणा, ओबडधोबड वेल्डिंग, पोचा ओढून काढण्यासाठी पाडलेली बारीक भोके, अथवा भोकातून मागे आलेले लांबीचे बोंड दिसले, तर वरच्या रंगाचा अर्थ कळतो. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजलेली असली, तर दार आतून कुजले आहे असे गृहीत धरावे. रबराच्या कडांवर, नळ्यांवर अथवा बिल्ल्यावर उडालेला रंग ही घाईची खूण होय.

चॅसिस क्रमांक ठोकलेली जागा स्वतः पाहणे अगत्याचे आहे. ती गंजून क्रमांक वाचता येत नसेल, अथवा तेथे नवा तुकडा जोडलेला वा लांबी भरलेली असेल, तर वाहन कितीही स्वस्त असले तरी व्यवहार करू नये. नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी तो जुळला नाही, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात नाव चढणार नाही आणि चोरीच्या मालाचा संशय येईल तो वेगळाच. सरकारी जीपगाडी म्हणून कोणी वाहन दाखवील, तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, हेही जाणून असावे.

जेथे लांबी म्हणजे प्राणाशी खेळ

बॉनेटवर लांबी असली, तर नुकसान पैशाचे होते. ट्रॉलीच्या हुकाजवळ असली, तर माणसाचे होते. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो प्रत्येक घेणाऱ्यास समजावून द्यावा.

ज्या भागांवर ओझे वा ओढ येते, ते भाग असे: ट्रॉलीचा पुढचा त्रिकोणी सांगाडा व हुक, चॅसिसचे लांब व आडवे दांडे, पाटे ज्यावर बसतात ते आधार, आसाची बैठक, आणि जीपगाडीत चॅसिसला पाट्याचे टोक जोडलेले असते ती जागा. या ठिकाणी लांबीस काडीचीही किंमत नाही. ती ओढ सहन करीत नाही, ती केवळ डोळ्यांस फसविते. उसाने भरलेली ट्रॉली चढावर असता हुकाचा सांगाडा तुटला, तर ती उलट्या दिशेने कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

या भागांतील गंज ओळखणे अवघड असते, कारण चौकोनी पोकळ दांडे आतून गंजतात. पाणी आत शिरते, पण बाहेर पडावयास वाट नसते. वरून दांडा जाड व रंगविलेला दिसतो, आत पापुद्रे सुटलेले असतात. गंज जागा अधिक व्यापतो हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे कधी कधी कुजलेला भाग चांगल्या भागाहून जाडच भासतो. म्हणून येथे नजरेवर विसंबू नये. विकणाऱ्याची संमती घेऊन जोडाजवळ, खालच्या अंगास व कोपऱ्यांत हातोडीने बेताचे ठोके द्यावेत आणि टोकदार स्क्रू-ड्रायव्हर जोराने दाबून पाहावा. निरोगी लोखंडावर त्याचा फक्त ओरखडा उठतो. टोक आत रुतले किंवा पापुद्रा निघाला, तर तो भाग बाद समजावा. विकणारा अशी परीक्षा करूच देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

असा दांडा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात वरून पट्टी मारून भागवू नये. कुजलेल्या लोखंडावर मारलेली पट्टी कुजलेल्या लोखंडालाच धरून असते. संपूर्ण दांडा त्याच मापाच्या व जाडीच्या नव्या लोखंडाने बदलावा आणि ते काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

पत्र्याची रीतसर दुरुस्ती

ट्रॉलीचा हौदा, फाळके, मडगार्ड किंवा फूटबोर्ड यांची दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजमध्ये होऊ शकते व काहीसे काम शेतकरी स्वतः करू शकतो. काळ कोरडा निवडावा. उसाच्या ट्रॉल्यांना गाळप हंगाम संपल्यावर व पावसाळ्यापूर्वी सवड मिळते, तीच वेळ योग्य. पावसाळी हवेत घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो.

प्रथम संशयित जागेची सर्व लांबी व रंग काढून टाकावा. येथे कसर करू नये. जेवढे फोड दिसतात, त्याहून निदान चार बोटे पलीकडेपर्यंत घासावे, कारण गंज रंगाखाली पसरलेला असतो. तारेचा ब्रश अथवा ग्राइंडर वापरताना डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मास्क असलाच पाहिजे. जुन्या वाहनांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. पूर्वी लोखंडास शेंदूर व जवसाचे तेल यांचे अस्तर देण्याची पद्धत होती आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग होय. त्याची धूळ लहान मुलांस विशेष बाधक असते. म्हणून हे काम घराच्या ओसरीत, गोठ्यात किंवा धान्याजवळ करू नये, शक्य तेथे पाणी लावून घासावे आणि पडलेला चुरा गोळा करावा.

पत्रा उघडा झाल्यावर त्याची खरी स्थिती दिसते. वरवरचा गंज असेल, तर घासून लखलखीत करावा. बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक द्रावण लावता येते. ते डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे, धुवावे व पत्रा पूर्ण सुकवावा. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ते ओतणे म्हणजे पैसे ओतणे होय. संडास धुण्याचे तीव्र आम्ल स्वस्त मिळते म्हणून काही लोक तेच वापरतात. त्याने गंज निघतो खरा, परंतु त्यातील क्लोराइड पत्र्याच्या रंध्रांत राहून काही दिवसांत दुप्पट गंज आणते. ते वापरू नये.

भोक पडले असेल, तर भोकाएवढाच तुकडा लावून भागत नाही. निरोगी, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापावे आणि तेवढाच तुकडा त्याच गेजच्या पत्र्यातून काढून जोडावा. पातळ पत्रा एका दमात सलग वेल्ड केला, तर उष्णतेने वाकतो. म्हणून एक डाग येथे, दुसरा समोरच्या बाजूस, असे दूरदूर डाग देत व मध्ये थंड होऊ देत जोड पुरा करावा. पातळ पत्र्यास साध्या कांडीच्या वेल्डिंगने भोके पडतात. तालुक्याच्या गॅरेजमध्ये सीओटू वेल्डिंगची सोय असल्यास ते अधिक बरे.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. ट्रॉलीच्या फटींत अडकलेले पाचट व कडबा झाडून काढावा व पाण्याची बादली जवळ ठेवावी. डिझेल अथवा पेट्रोलच्या टाकीस, ती रिकामी वाटली तरी, गावात वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते आणि टाकी फुटून कारागीर दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा जोडताना जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

जोड घासून सपाट केल्यावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. इपॉक्सी प्रायमर उत्तम. रेड ऑक्साइडही चालतो, पण त्यातून ओल झिरपते, म्हणून तो वरच्या रंगावाचून महिनेन् महिने ठेवू नये. नुसत्या तांबड्या रेड ऑक्साइडवर वर्षभर चालणाऱ्या ट्रॉल्या गावोगाव दिसतात. त्यांच्या मालकांचा असा समज असतो, की लोखंड सुरक्षित आहे.

आता कोठे लांबीची पाळी येते, तीही हवी असेल तरच. ट्रॉलीच्या हौद्यास ती मुळीच नको, कारण तेथे गुळगुळीतपणाचा काही उपयोग नाही. जीपगाडीच्या वा बॉनेटच्या पत्र्यास हवी असल्यास १०० ग्रॅम लांबीस सुमारे २ ग्रॅम घट्टक या प्रमाणात, लागेल तेवढीच कालवावी. घट्टक जास्त घातल्याने लांबी अधिक मजबूत होत नाही, उलट ती ठिसूळ होते व वरच्या रंगावर डाग उमटतो. उन्हाळ्यात ती लवकर आवळते. कालवून उरलेली लांबी डब्यात परत टाकू नये. थर पातळ द्यावा, सुकल्यावर कोरडाच घासावा, कारण पाणी लावून घासल्यास ती ते पाणी पिते. त्यावर पुन्हा अस्तर आणि मग रंग. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग फवारणे हे घरी करण्याचे काम नव्हे. त्याची वाफ फुप्फुसांस अपाय करते. ट्रॉलीस ब्रशने दिलेले साध्या एनॅमल रंगाचे दोन हात पुरेसे होतात.

पत्र्याच्या मागील बाजूसही अस्तर व रंग द्यावा. बहुतेक दुरुस्त्या येथेच फसतात. दुकानदार पुढची बाजू रंगवून देतो, मागचा वेल्डिंगचा काळा जोड तसाच उघडा राहतो, आणि पुढच्या वर्षी भोक पुन्हा त्याच जागी पडते. पैसे देण्यापूर्वी मागे हात घालून पाहावे.

काही शेतकरी वाहनाच्या तळास इंजिनातील जळके ऑईल मारतात. त्याने काही काळ ओल दूर राहते हे खरे, तथापि रबराचे बुश व नळ्या त्याने नासतात व गळणारे ऑईल जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात जाते. त्याऐवजी पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक मारावे.

खत वाहून झाल्यावर ट्रॉली त्याच दिवशी झाडून व भरपूर पाण्याने धुऊन, पाणी निथळावे म्हणून मागच्या अंगास उतार देऊन, फाळका उघडा ठेवून उभी करावी. हौद्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी जाण्यास भोके नसतील, तर ती पाडून घ्यावीत व भोकांच्या कडांस रंग लावावा. मृगापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा ती भोके काडीने मोकळी करावीत.